कोऱ्या पानावरचं आमंत्रण

चहा घ्या, तोवर माझी फजिती ऐका. लपवण्यात अर्थ नाही, ती लातूरभर छापून आलेलीच आहे!

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर आजच्या अक्षरांत आणणारं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याचा कोड खुला, कुणीही सुधारावा. आमच्याकडचे क्लासवाले जुन्या प्रश्नपत्रिका त्यातूनच काढतात. त्याची देखभाल माझ्याकडे. बायको गेल्यापासून घरात आवरायला फारसं उरलं नव्हतं, म्हणून कोड आवरत बसायचो.

एके दिवशी त्यात एक ओळ दिसली : पान कोरं असेल तर सोडून दे. म्हटलं, कोरं पान छापायला कोण देतं? फालतू ओळ! उडवली.

मग चाचणीसाठी मजकूर हवा होता. हिच्या वर्षश्राद्धाचं आमंत्रण जुन्या फॉन्टात टाइप करून ठेवलं होतं. तारीख, पत्ता, 'जेवायला अवश्य यावे'. मुलगा परदेशात, त्याला रजा नाही; बाकी कुणाला पाठवावं सुचेना, म्हणून ते तसंच पडलेलं. तेच नमुना म्हणून घातलं. झकास चाललं! नमुना काढायचा मात्र राहिला, अन् नवी आवृत्ती सगळ्यांकडे गेली.

श्राद्धाच्या दिवशी गुरुजी आटोपून गेले. मी एकट्यापुरता कुकर लावत होतो, तोच शेजारच्या शबानाभाभी धावत आल्या.

"भाऊसाहेब, गेटावर पोरापोरींची रांग लागून राहिली! काय भानगड हाय?"

बाहेर गेलो. पुढचा पोरगा म्हणाला, "पत्ता ह्योच ना काका? जीवशास्त्राच्या पेपरात होता. शेवटच्या पानावर."

आता उजेड पडला! शेवटचं पान कोरं. ते सोडायची ओळ मी उडवलेली. तिथं काही सापडेना, म्हणून सॉफ्टवेअरनं आपल्या पोटातला नमुनाच छापला!

"अन् तुम्ही खरंच आलात?"

"खाली पर्याय नव्हते," मागची मुलगी म्हणाली. "वाटलं, प्रश्न सक्तीचा हाय."

"मेसचं एकदा खाऊन बघा काका," तिसरा म्हणाला, "मंग इचारा का आलात ते!"

"बघत काय बसलात भाऊसाहेब? मोठं पातेलं काढा!" भाभी ओरडल्या.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधल्या लोकांसाठी हिनं ज्यात खिचडी केली होती, ते पातेलं माळ्यावरून उतरलं. पोरींनी तांदूळ निवडले. घर नुसतं दणाणत होतं. जाताना ती सक्तीवाली मुलगी हिच्या फोटोपुढं थांबली. "काकू, पेपर अवघड गेला, पण शेवटचं पान भारी होतं."

तेवढ्यात क्लासवाल्यांचा फोन. "सर, आमची अब्रू गेली! आधी ते दुरुस्त करा!"

मी शरमलो. ओळ परत घातली, नमुना काढला, पुन्हा पुन्हा तपासलं.

यंदा तिथीला मी मोठंच पातेलं चढवलं. गेट उघडं ठेवलं. दुपार टळली, कुणी आलं नाही.

आयुष्यात एवढं बिनचूक काम मी कधी केलं नव्हतं!