मामाजींना हवा असलेला भूकंप

जमिनीच्या वर चाललेल्या कुठल्याही गोष्टीत काडीचाही रस नसलेला माणूस अख्ख्या अमरावतीत एकच, माझ्या बायकोचे मामा. भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आमच्या लग्नात हातात अक्षता धरून त्यांनी मला विचारलं होतं, "जवाईबापू, तुमच्या घराखाली काळा दगड किती खोल लागते?" मी ओशाळून "विचारून सांगतो" म्हणालो. बोहल्यावरचा माणूस दुसरं काय म्हणणार!

पण त्यांचा खरा जीव त्या दगडाच्याही पार खाली, पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणात. तिथं कोणी जाऊ शकत नाही, म्हणून दूरच्या भूकंपाची लाट तिथून वर येते तिची वाट पाहायची. खालचा खडक जास्त तापलेला असला की लाट रखडते. "अकोल्याचा पाहुणा अमरावतीले उशिरा पोचला," ते सांगत, "तर समजाचं, मूर्तिजापुरात कुठंतरी चहाले बसला." कोणत्या दिशेची लाट किती उशिरा आली यावरून वऱ्हाडाच्या पोटात काय आहे ते कळतं म्हणे.

एका संस्थेनं दोन वर्षांसाठी दिलेलं, भूकंपाच्या लाटा टिपणारं यंत्र त्यांनी बार्शीटाकळीला चुलतभावाच्या शेतात पुरलं आणि त्या घराचा जीव खाल्ला. खड्ड्याजवळून चालायचं ते अनवाणी, ट्रॅक्टर बांधापलीकडून. एकदा नोंदी पाहून त्यांनी फोन केला, "मंगळवारी दुपारी तिथं कोन नाचून रायलं होतं?" म्हैस सुटली होती. वहिनी वैतागून म्हणाल्या, "भाऊजी, आमी श्वास घ्यावा का नाई?" मामाजींनी जरा विचार करून परवानगी दिली.

पूर्वेकडच्या लाटा भरपूर आल्या. नैर्ऋत्येची एकही धड येईना, आणि तिच्यावाचून चित्र अर्धंच राहणार होतं. पोळा झाला की यंत्र परत जाणार. तेव्हा जन्मात देवळात न गेलेले मामाजी रोज सकाळी हात जोडू लागले, तेही अटी घालून: "मोठा येऊ दे, पण समुद्रात. मानूस नाई, घर नाई, अशा जागी." त्यांच्या वहीत तारीख, दिशा, उशीर यांच्यापुढे एक जास्तीचा रकाना होता, 'तिथं कोणी होतं का?' तो ते पेपर वाचून स्वतः भरत. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

पोळ्याच्या चार दिवस आधी तो आला. मोठा, नेमका नैर्ऋत्येचा. समुद्रात मात्र नव्हता. मी, मूर्खच मी, पेढे घेऊन गेलो. टीव्हीवर ढिगारे उपसणं चाललं होतं आणि मामाजी भरल्या ताटावरून उठलेले.

"मीनंच मांगतला होता ना, बापू."

"मामाजी, मागितल्यानं कुठं भूकंप येते का?"

"नाई येत. तीस वर्षं मीच शिकवलं ते."

पुढे यंत्र गेलं, निबंधही छापून आला. ती लाट खरंच उशिरा पोचली होती, म्हणजे त्या बाजूला खाली खडक जास्त तापलेला आहे. मामाजी हल्ली फाटकाशी बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना घरची माणसं बरी आहेत ना, एवढंच विचारतात. दगडाचं विचारत नाहीत. मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

परवा त्यांची वही चाळली. शेवटच्या ओळीत तारीख, दिशा, उशीर, सगळं सुबक अक्षरात आहे. पुढचा रकाना कोरा. त्यात नुसत्या पेन्सिलीचं टोक टेकवून मोडल्याच्या खुणा आहेत.