कंदील जळत होता

त्या गाळाचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. जाऊही नये.

माझं माहेर पडेगावच्या पलीकडचं. आमची विहीर नाल्याच्या काठावर. दर उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की विहिरीतला गाळ काढायचा आणि शेतात पसरायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. काळा गाळ म्हणजे जमिनीला खुराक. मग वरच्या अंगाला कारखाने आले, त्यांचं पाणी आणि शहराची घाण आमच्या नाल्यात उतरली आणि विहिरीत झिरपू लागली. गाळ आणखी काळा झाला. आम्ही मूर्ख, आम्हाला वाटलं, कस वाढला!

खुणा काय कमी होत्या? नाल्यातले मासे उलटे होऊन तरंगले. धुणं धुताना आईच्या पायातली जोडवी काळी पडायची, ती राखेनं घासून पुन्हा घालायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, अर्ज घेऊन किती कचेऱ्यांत गेले! दाद कोणी दिली नाही.

त्या वर्षी मी सासरहून, गारखेड्याहून, माहेरी आले होते. गाळ काढायला थोरला भाऊ उतरणार होता. विहिरीत उतरण्याआधी दोरीला बांधून पेटता कंदील सोडायचा, विझला तर उतरायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. आप्पांनी स्वतःच्या हातानं कंदील सोडला. तळापर्यंत गेला, स्वच्छ जळत राहिला. मग भाऊ उतरला.

गाळात पहिलं फावडं घातलं तसा तो खालून ओरडला, "आप्पा, लई घाण वास येतोय. सडक्या अंड्यावानी!"

"वर ये मग," आप्पा म्हणाले.

"थांबा, एक घमेलं भरतो."

थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, "गेला वास. आता काय बी नाय."

आप्पांचा जीव भांड्यात पडला. माझाही. ते घमेलं वर ओढून घेतलं. पुढचं खाली सोडलं, तर ते घ्यायला कोणी हात वर केला नाही. भाऊ गाळात पालथा पडला होता. आप्पा उडी मारायला निघाले, मी त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि सोडली नाही. शेजाऱ्यांनी गळ टाकून भावाला बाहेर काढलं. जीव उरला नव्हता. गळ्यातला चांदीचा ताईत कोळशासारखा काळा झाला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हवा नसलेल्या गाळात ती घाण कुजते आणि त्यातल्या गंधकाचा विषारी वायू होतो. गाळ ढवळला की तो सुटतो. आधी घाण वास येतो, मग तो वायू नाकच मारतो. वास गेला असं वाटतं, तेव्हा तो वाढलेला असतो. आणि माणूस मरतो तेवढ्या वायूनं कंदील विझत नाही.

भावाचं तेरावं झाल्यावर चौकशीला एक साहेब आले. विहिरीपासून लांब, लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. शिपायानं वरवरचं पाणी बाटलीत भरलं, गाळाला कोणी हात लावला नाही. मी म्हटलं, "साहेब, गाळ बघा. विष त्यात आहे."

"इथं तर कसलाच वास येत नाही," ते म्हणाले. "उतरण्याआधी तुम्ही खबरदारी घ्यायला हवी होती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आप्पा उठले. घरात गेले, तोच कंदील घेऊन आले, भर दुपारी पेटवला आणि साहेबांच्या पायाशी ठेवला.

"ही आमची खबरदारी," ते म्हणाले. "पार तळापत्तूर जळत व्हता."

साहेबांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"विझवा तो," ते म्हणाले, "रॉकेलचा वास येतोय."