त्या नावाची इथं कोण नाय

शिकेकाई कांडणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाचं नाक कायमचं कामातून जातं. मला अजून फुलांचे वास धड कळत नाहीत, पण वस्त्रगाळ शिकेकाई कुठे सांडलेली असेल तर डोळे मिटून सांगेन. पोलादपूरला आमच्या मागच्या पडवीत दोन उखळं होती. आई आणि आळीतल्या तीन-चार बायका नाकातोंडाला फडकी बांधून तिथे कांडत बसत. घरात पाहुणा आला की पहिली शिंक उंबऱ्यावर, दुसरी पाणी पिताना. आम्हाला त्याचं काही वाटत नसे.

शेंगा वरच्या कुडपण गावच्या बायका आणायच्या. बाजारच्या दिवशी डोंगर उतरून डोक्यावरचे भारे आमच्या अंगणात टाकायच्या आणि चहा घेतल्याशिवाय हलायच्या नाहीत. आजी, म्हणजे माझ्या वडिलांची आई, ओटीवर बसून शेंगांतल्या बिया काढी. आई उन्हात वाळवण घाली, नागरमोथा, गव्हला कचोरा, संत्र्याची साल मिसळून पूड करी आणि एस.टी.ने महाडला नेऊन एका किराणा दुकानदाराला देई. वडील मुंबईला गिरणीत होते. गणपतीला आणि शिमग्याला येत, चार दिवस शिंकत आणि परत जात.

साठ सालानंतरची गोष्ट. महाडच्या दुकानदाराने आईची पूड मुंबईच्या एका मोठ्या दुकानात दाखवली. त्यांना ती पसंत पडली. दिवाळीसाठी शिकेकाई आणि उटणं दोन्ही घेऊ म्हणाले, पाकिटावर तुमचंच नाव राहू दे म्हणाले. अट एकच, विक्रीकराचा नोंदणी नंबर हवा. नंबर नसलेल्याकडून माल घेतला तर कर त्यांच्या गळ्यात पडत होता.

नंबर घरात एक होता, पण तो थोरल्या काकांचा. आळीच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान होतं. बातमी कळल्याबरोबर ते आमच्या ओटीवर येऊन बसले. थोरला दीर आणि भावजय समोरासमोर बोलत नसत, म्हणून ते आजीशी बोलले.

"तिला म्हणावं, माझ्या नंबरावर माल पाठव. एका घरात दोन-दोन नंबर कशाला?"

आई दाराआडून आजीलाच म्हणाली, "त्यांना म्हणावं, मग पाकिटावर नावसुद्धा त्यांचंच येईल."

"तिला म्हणावं, नावात काय ठेवलंय? माल तर तुझाच हाय."

"त्यांना म्हणावं, नावात काय नाय तर माझं राहू दे."

आजी सूप खाली ठेवून म्हणाली, "दोघांना बी नीट ऐकू येतंय. मला कशाला मधी दळताय?"

आईला काय हवं होतं ते मला त्या वयातही कळत होतं. काकांच्या नंबरावर दोन दिवाळ्या माल गेला असता, तर तिसऱ्या दिवाळीला तो काकांचा धंदा झाला असता, आणि आई त्यांच्या दुकानासाठी कांडणारी बाई. तिने अर्ज केला.

आमचा तेव्हा कुलाबा जिल्हा. विक्रीकराचं ऑफिस अलिबागला, पण ठरलेल्या दिवशी एक इन्स्पेक्टर महाडला येऊन बसत. आई चार इयत्ता शिकलेली होती. कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडून अर्ज करून घेतला, खाली स्वतः सही केली आणि धुतलेल्या दुधाच्या बाटलीत पूड भरून नमुना म्हणून नेली. इन्स्पेक्टर म्हणाले, नमुना नको, मी धंद्याची जागा येऊन बघीन.

आता इथे नावाबद्दल सांगायला हवं. आईला दोन नावं होती, तशी तेव्हा सगळ्याच बायकांना होती. एक माहेरचं, जे महाडजवळच्या नाते गावच्या शाळेच्या दाखल्यावर होतं आणि जे महाडचा दुकानदार वापरी, कारण तो आईच्या वडिलांना ओळखत होता. दुसरं सासरचं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यात नवऱ्याने अंगठीने काढलेलं. ते आजीने ठरवलं होतं, देवीचं भारदस्त नाव होतं. तांदूळ झाडून ठेवले आणि त्यानंतर ते नाव कुणी उच्चारलं नाही. धाकट्यांना ती काकी, जावांना धाकली, आळीला माझ्या थोरल्या भावाची आई. वडील तिला "ऐकलंस का" म्हणत. आजी म्हणे "गो". सासरचं नाव फक्त रेशनकार्डावर होतं, आणि त्यावरून आता अर्जावर.

इन्स्पेक्टर आले तेव्हा भादव्यातलं ऊन होतं. मागे दोन्ही उखळं चालू होती. आजी ओटीवर बिया काढत होती. पँट घातलेला, हातात कातडी बॅग असलेला माणूस बघितला की आमच्या आळीत बायका आधी घरात जात. जंगलखात्याचा असेल, कोर्टाचा असेल, कुणी सांगावं. त्यांनी आईचं अर्जावरचं नाव घेतलं, पुढे आडनाव लावलं आणि विचारलं, या बाई इथेच राहतात ना?

आळी सगळी भाऊबंदांची, आडनाव एकच. मधलं नाव घेतलं असतं तर आजीने आपला मुलगा ओळखला असता. नुसतं नाव ऐकून तिने विचार केला, खरोखर केला असं ती पुढे शपथेवर सांगे, आणि म्हणाली, "त्या नावाची इथं कोण नाय."

"नक्की?"

"आता मी इथं लगीन होऊन आले ती काय काल आले?"

त्यांनी समोरच्या घरी विचारलं. समोरचीने आजीकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. आळीच्या तोंडाशी काकांच्या दुकानात विचारलं. काका म्हणाले, अशी कोणी ऐकण्यात नाही. इन्स्पेक्टर पुढच्या एस.टी.ने गेले. तोवर आई मागे कांडतच होती. घरात कुणी सरकारी माणूस येऊन गेला हे तिला संध्याकाळी आजीकडूनच कळलं.

"कोनतरी बाई हुडकीत होता," आजी म्हणाली. नाव तिने आठवून सांगितलं.

आईने फडकं सोडलं. तोंड पिठाच्या गिरणीतल्या माणसासारखं झालेलं. म्हणाली, "आत्याबाई, ती मी."

 आजी म्हणाली, "मला काय ठाव? तुला त्या नावानं कोन बोलावतं?"

काकांनी पुढे सांगितलं की भावजयीचं नाव मी कशाला ध्यानात ठेवू. खरं बोलले असतील. आईने तो विषय वाढवला नाही. दिवाळी जवळ येत होती आणि तिला भांडायला वेळ नव्हता.

इन्स्पेक्टरांच्या पुढच्या वारी ती मला बरोबर घेऊन महाडला गेली. ते म्हणाले, "तुमच्या पत्त्यावर अशी बाईच नाही. घरातल्या म्हातारीनेच सांगितलं."

"ती माझी सासू."

"सासूला सुनेचं नाव माहीत नाही?"

"नाव तिनेच ठेवलंय, साहेब. ठेवल्यावर वापरलं नाय."

ते हसले, पण कागद पुढे सरकेना. शाळेचा दाखला दुसऱ्याच नावाचा. रेशनकार्ड तर कुणीही आणून दाखवील. शेवटी म्हणाले, "नवरात्रात माझी पोलादपूरला फेरी आहे. आळीत विचारीन. तिथल्या माणसांनी ओळखलं तर ठीक. नाहीतर तुमच्या दिरांचा नंबर आहेच, त्यावर भागवा."

 परतीच्या गाडीतून उतरल्यावर आई थेट मागच्या पडवीत गेली आणि बायकांना म्हणाली, "उद्यापासून मला नावाने हाक मारायची. काकी नाय, धाकली नाय, अमक्याची आई नाय." आणि नाव सांगितलं.

उखळं थांबली. बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

"नवऱ्याने तरी मारली का गो कधी या नावानं हाक?"

"ते मुंबईला असतात. हाक मारली तर गिरणीच्या भोंग्यात ऐकू येईल का?"

"आणि आम्ही मारली तर तू ओ देशील?"

हा प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या दिवसापासून आळीभर आईच्या नावाचा गजर सुरू झाला. पाणवठ्यावर, बाजारात, शौचाला जाताना, जिला तिला चेव आलेला. पोरं तर कारण नसताना ओरडत. आणि आई वळेना. पाठीमागून कुणी हाक मारली की ती सरळ चालत राही, आणि बायका हसून खाली बसत. मग ती चिडून स्वतःलाच म्हणे, "अगं बये, तूच ती." भाकऱ्या थापताना मी तिला ते नाव पुटपुटताना ऐकलेलं आहे.

एकटी आजी मात्र तयार नव्हती. सुनेला नावाने हाक मारणं तिला नवऱ्याचं नाव घेण्याइतकंच अवघड. "मी आपली गो म्हनते. तुझं नाव गो असंच लिव म्हनावं त्याला." आईने तिची मनधरणी केली नाही. फक्त एकदा म्हणाली, "आत्याबाई, ओटीवर तुम्ही बसता. तो आधी तुम्हालाच विचारणार."

इन्स्पेक्टर नवरात्रात आले, दुपारचे. आई खाली नदीवर गाळणीची फडकी धुवायला गेली होती. मी शाळेतून येऊन पायरीवर होते. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि तोच प्रश्न विचारला. कसोटी होती हे त्यांना आणि मला, दोघांनाही ठाऊक होतं. मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "तू नको. आजींना बोलू दे."

आजीने सूप बाजूला केलं. पदर नीट केला. म्हणाली, "हाय की. माझी धाकली सून. नाव मीच ठेवलंय, देवीचं हाय." मग ती उठली, ओटीच्या कडेला आली आणि नदीच्या बाजूला तोंड करून तिने आईच्या नावाने हाक मारली. शेतावरच्या माणसाला मारतात तशी, लांबवून. मी तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं. 

आळीतल्या झाडून साऱ्या बायका दारात आल्या आणि सगळ्यांनी मिळून तेच नाव घेतलं. खाली वळणावरून आईचा आवाज आला, "आले, आले!" ओल्या फडक्यांसकट ती धावत वर आली, आणि इन्स्पेक्टरांना बघून मग तिच्या लक्षात आलं की आपण कुठल्या हाकेला ओ दिली.

ते मागच्या पडवीत गेले, उखळं बघितली, पोत्यांत हात घातला आणि शिंकायला लागले. शिंकांच्या मधून त्यांनी टिपण लिहिलं. आजी मला म्हणाली, "पानी दे गो त्यांना. आता हे काय थांबत नाय."

नंबर दिवाळीच्या आधी आला. आईने तो पाकिटांवर छापून घेतला, वर स्वतःचं नाव, खाली पोलादपूर. माल एस.टी.च्या टपावर चढवून मुंबईला गेला. काकांनी एक पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि आजीला म्हणाले, "तिला म्हणावं, छपाई चांगली झाली." पुढे कित्येक वर्षं तो धंदा चालला. ती आळी आता तशी नाही. उखळांच्या जागी चक्की आली, मग तीही गेली. हाका मात्र माझ्या कानात आहेत.

माझं लग्न त्यानंतर काही वर्षांनी महाडला झालं. तांदळाचं ताट आलं, विहीणबाईंनी ठरवलेलं नवं नाव सांगितलं. आई पुढे झाली. "हिचं नाव तेच राहू दे."

"अहो, पद्धत आहे ती."

"असू दे. हिची एस.एस.सी. या नावावर आहे, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचा नंबर या नावावर आहे. उद्या नोकरीच्या चौकशीला कुणी तुमच्या दारात आलं, तर तुम्हीच म्हणाल, त्या नावाची इथे कोणी नाही."

विहीणबाई दुखावल्या. "आम्ही असं कसं म्हणू?"

आजी कोपऱ्यात पाटावर बसली होती. म्हणाली, "म्हनाल. मी म्हनले होते."

नवरा मुलगा अंगठी धरून थांबला होता. त्याने एकदा आपल्या आईकडे, एकदा माझ्या आईकडे बघितलं आणि तांदळात माझं होतं तेच नाव काढलं. अक्षर बरं होतं.