मागे बसणारीनं बोलत राहायचं

गाडी सुरू करण्याआधी सुमनअक्का मागे वळून विचारायच्या, "आज काय सांगशी व?" मी काहीतरी सांगते म्हटल्याशिवाय त्या चावी फिरवायच्या नाहीत. भर उन्हात, डोक्यावर हेल्मेट, त्याच्याखाली ओला रुमाल, अशा त्या स्कूटीवर बसून राहायच्या. मी गप्प बसले तर त्याही गप्प. शेवटी मीच हरायचे.

अक्का माहेरच्या पिंपळनेरच्या. लग्न होऊन यावलला आल्या आणि इथल्याच झाल्या, पण बोली मात्र शेवटपर्यंत तिकडचीच राहिली. आमच्याकडच्या बायका त्यांच्या अहिराणीला हसायच्या. अक्का म्हणायच्या, "हसा, हसा. हसता हसता पापड बारीक लाटा म्हंजे झायं."

आमचं काम उन्हाळ्याचं. चैत्र लागला की घरोघरी बिबडे, कुरडया, पापड सुरू होतात. ज्या घरात हात कमी पडतात तिथे आम्ही जायचो. बिबडे म्हणजे ज्वारीचे जाडसर पापड, त्यांना कडक ऊन लागतं. पहाटे चुलीवर ज्वारीच्या भरडीचा घट्ट घाटा शिजवायचा, ऊन चढायच्या आत गच्चीवर ओल्या कापडावर बिबडे थापून मोकळं व्हायचं. दुपारी उडदाचे पापड, ते घरात सावलीला बसून लाटायचे, नाहीतर पीठ सुकतं. सकाळचं घर एका गावात, दुपारचं दुसऱ्या गावात. मधला रस्ता नेमका टळटळीत उन्हातला. बाकीच्या बाया एसटीची वाट बघत फाट्यावर बसायच्या आणि अर्धं अंग तिथेच भाजून घ्यायच्या. नवरा गेल्यावर अक्का गाडी शिकल्या त्या यासाठीच. त्या वेळी त्यांना नात झालेली होती.

उन्हाला त्या कधी शिव्या द्यायच्या नाहीत. मी "काय हे ऊन" म्हटलं तर लगेच म्हणायच्या, "त्याले नाव ठेवानं नही. त्याना जिवावर आपलं पोट शे." पण उन्हाशी लाडही नव्हते. गाडीवर बसायचं म्हणजे त्यांची तयारी बघण्यासारखी. साडी घरी, गाडीवर सुती पंजाबी ड्रेस. त्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा पांढरा सदरा, मनगटापर्यंत बटण लावलेला. ओढणीची दोन्ही टोकं सदऱ्याच्या आत खोचलेली. एकदा रस्त्यात एका बाईचा पदर मागच्या चाकात गेलेला त्यांनी पाहिला होता. त्यानंतर वाऱ्यावर उडणारं कापड दिसलं की त्या अनोळखी बाईलाही थांबवून खोचायला लावायच्या. मलाही मागे एका बाजूला पाय टाकून बसू द्यायच्या नाहीत. "सरकी बस. लगीनना वरातमा नही चालनी तू."

टायरमधली हवा त्या सकाळी गार असतानाच बघायच्या. गाडी लावताना आत्ताची सावली बघायच्या नाहीत, दोन तासांनी सावली कुठे जाईल ते बघून लावायच्या. सीटवर पोत्याचा तुकडा टाकायच्या आणि निघताना तो ओला करून पिळून परत अंथरायच्या. निघण्याआधी ताक, तेही मीठ घालून. तहान नाही म्हटलं तर म्हणायच्या, "तहान लागनी म्हंजे उशीर झाया." आणि केळीच्या बागा त्यांना पाठ होत्या. भर दुपारी पाणी सुटलेल्या बागेशेजारून गाडी गेली की अंगावर गार वारा येतो. तिथे त्या मुद्दाम हळू चालवायच्या. मधल्या बरड माळावर सावली नाही, तिथे जायच्या आधी शेवटच्या बागेपाशी थांबून रुमाल परत ओले करायचे. हा त्यांचा नेम होता.

पण सगळ्यात मोठा नेम बोलण्याचा. अक्कांचं म्हणणं असं की उन्हात चालवणाऱ्याला आपलं डोकं फिरतंय हे स्वतःला कळत नाही, ते मागच्याला कळतं. म्हणून मागे बसणारीनं बोलत राहायचं, प्रश्न विचारायचे, आणि पुढचीनं उत्तरं द्यायची. उत्तर वाकडं आलं, की गाडी थांबवायची. "घाम येस तोवर भ्याव नही. घाम बंद झाया का गाडी बंद. आनि मांगली बाई सांगी तठे गाडी थांबी. भांडन मंग." म्हणजे मागची म्हणेल तिथे थांबायचं, वाद नंतर घालायचा.

आता मला बोलायचं म्हणजे संकट. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, तेवढ्या वर्षांत गुरुजींना माझा आवाज माहीत झाला नसेल. सासरीही माझं काम हो आणि नाही एवढ्यावर भागायचं. अक्कांच्या मागे बसून मी पहिल्यांदा बोलले ते दोडक्याच्या वेलाबद्दल. काहीच सुचेना म्हणून वेलाला किती फुलं आली ते सांगितलं. अक्कांनी विचारलं, "मंग दोडका किती लागनात?" मी म्हटलं, "एकही नाही." त्या इतक्या हसल्या की गाडी हलली.

एका घरी दारातच बाईंनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना कळलं. त्या अक्कांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला गच्चीवर वाळवायचं काम द्या, पीठ तुम्ही मळा." अक्कांनी वाद घातला नाही. पोळपाट-लाटण्याची पिशवी उचलली, गाडीच्या हुकाला अडकवली आणि म्हणाल्या, "चाल व विमल." बाई मागून म्हणाल्या, "अहो अक्का, पीठ भिजवून ठेवलंय." अक्का म्हणाल्या, "मंग लाटा ना. तुमले हात शेतस." त्या दिवशी रस्ताभर मला काही सांगायला सांगावं लागलं नाही. लहानपणापासून जे कोणाला बोलले नव्हते ते मी त्यांच्या पाठीला सांगितलं. अक्कांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. नुसतं "हं" म्हणत राहिल्या, म्हणजे मला कळावं की त्या ऐकतायत आणि डोकंही ठिकाणावर आहे.

त्या मे महिन्यात ऊन फारच होतं. सकाळच्या घरी लग्न निघालेलं, आणि घाटा हलवणारी सून आजारी. अक्काच चुलीपुढे उभ्या राहिल्या. घट्ट घाटा, मोठं पातेलं, वरून पत्र्याची शेड. काम संपायला उशीर झाला. दुपारच्या घरच्यांचे फोनवर फोन. मी ताकाचा तांब्या पुढे केला तर म्हणाल्या, "तठे जाईसन पेऊ." शेवटच्या बागेपाशीही त्या थांबल्या नाहीत. मी म्हटलं, "अक्का, रुमाल?" त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, उशीर होस."

माळ लागला. मी बोलत होते. माझ्या मुलीला शाळेत नाचात घेतलं होतं, ते सांगत होते. विचारलं, "अक्का, तिला हिरवं लुगडं नेसवू का पिवळं?" उत्तर आलं नाही. मी परत विचारलं. तेव्हा अक्का म्हणाल्या, "त्यासले ताट वाढं का? शेतमाईन येतीनच आते."

त्यांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला आधी वाटलं मीच चुकीचं ऐकलं. मी त्यांच्या मानेला हात लावला. मान कोरडी होती. घामाचा थेंब नाही, आणि चटका बसावा अशी तापलेली.

"अक्का, थांबा."

"हाई काय, गाव उनंच." गाव आलं कुठलं, अजून माळसुद्धा सरला नव्हता.

"अक्का, थांबा ना."

"उशीर होस व माय."

गाडी रस्त्याच्या मध्याकडे सरकत चालली होती. समोरून केळी भरलेला ट्रॅक्टर येताना दिसला. मी आयुष्यात कोणावर ओरडले नाही. त्या दिवशी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "सुमन, गाडी थांबव." नावानं आणि एकेरीत. कसं तोंडातून आलं माहीत नाही.

आणि अक्का थांबल्या. मला अजून नवल वाटतं ते याचं. डोकं जाग्यावर नव्हतं, गेलेला नवरा जेवायला येणार असं वाटत होतं, पण मागची बाई सांगते म्हटल्यावर त्यांनी डावीकडचा दिवा लावला, हळूहळू दोन्ही ब्रेक दाबले, गाडी कडेला घेतली. स्टँडसुद्धा लावला. मग माझ्याकडे वळून रागानं म्हणाल्या, "आते भांड," आणि माझ्या अंगावरच कोसळल्या.

थोडं पुढे माळ संपून केळीची बाग लागत होती. मी त्यांना सावलीला कसं ओढत नेलं ते आठवत नाही. बागेत एक भाऊ ठिबकच्या नळ्या बघत होते. मी त्यांना हाक मारली. हाक मारायला मला लाज वाटली नाही, हेही नंतर लक्षात आलं. ते धावत आले. आम्ही अक्कांचं हेल्मेट काढलं, सदरा सैल केला, केळीच्या पानांवर त्यांना निजवलं. भाऊंनी नळी ओढून आणली आणि पाणी अंगावर सोडलं. त्यांनी पाणी पाजायला तांब्या पुढे केला, तर मी नको म्हटलं. "शुद्ध नाही पुरती, घशात अडकेल. अंगच गार करू." मानेला, काखेत ओली कापडं लावली आणि मी पानानं वारा घालत राहिले. भाऊ म्हणाले, "ताई, तुम्ही नर्स आहे का?" मी म्हटलं, "नाही, मी पापड लाटते."

घड भरून निघालेला टेम्पो त्यांनी थांबवला. केळीच्या घडांवर ओलं पोतं टाकून अक्कांना आडवं केलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी भराभर विचारलं: कधीपासून असं बोलतायत, घाम कधी थांबला, उलटी झाली का. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गाडी आणखी चालली असती तर अवघड होतं." सलाईन लागलं. संध्याकाळी अक्कांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पहिलं विचारलं, "गाडी कोठे शे?"

"माळावर राहिली."

"उनमा?"

मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "सीट तडकी गई व्हई," असं म्हणून परत झोपल्या.

दुसरी एखादी बाई असती तर ही गोष्ट झाकून ठेवली असती. ताक मी प्यायले नाही, रुमाल मी ओला केला नाही, असं कोण सांगतं? अक्का ज्या घरी जायच्या त्या घरी पीठ कुटता कुटता स्वतः सांगायच्या. कुठे कुठे चुकल्या ते एकेक करून. आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवायच्या. "हाई मुकी बाई शे ना, हाई वरडनी म्हनीसन मी बठ्ठासनी समोर बशेल शे." मी मान खाली घालून लाटत राहायचे. बायका विचारायच्या, "खरंच नाव घेऊन ओरडली?" अक्का म्हणायच्या, "हा. मना सासूनीबी कधी असं नाव लिधं नव्हतं."

त्यांच्या पोरानं गाडी विकून टाकायला सांगितलं. अक्का म्हणाल्या, चालवणार नाही, पण विकणारही नाही. मग बाजार समितीच्या मोकळ्या आवारात सकाळी सकाळी त्यांनी मला शिकवलं. मी एकदा भुसाऱ्याच्या पोत्यांवर गेले, एकदा त्यांच्याच पायावर. त्या लंगडत म्हणाल्या, "एक पाय शे अजून, चालू दे." लायसन काढायच्या दिवशी साहेबांनी काही विचारलं तर मी नीट उत्तरं दिली. अक्का बाहेर बाकावर बसून आत डोकावत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुढे आणि त्या मागे, असं आम्ही काम केलं. तो एकच उन्हाळा. त्या थंडीत त्या लेकीकडे धुळ्याला गेल्या आणि तिथेच झोपेत गेल्या. मी पोहोचले तेव्हा लेक म्हणाली, आदल्या दिवशी चांगल्या गप्पा मारत होत्या. मला ते खरं वाटलं.

त्या उन्हाळ्यातली एक दुपार मात्र माझ्या मनातून जात नाही. मी गाडी चालवत होते. अक्का मागे बोलत होत्या, आणि एकदम गप्प झाल्या. मी काही विचारलं, उत्तर नाही. परत विचारलं, नाही. दिवा लावून गाडी कडेला घेतली, स्टँड लावला, उतरून वळले. अक्का हेल्मेटची काच वर करून बाजूला बघत बसल्या होत्या. कपाळावरून घाम वाहत होता.

"काय झायं? का थांबाडी?"

"तुम्ही बोलत नव्हत्या."

"मी देखी ऱ्हायनी व्हती व." त्या जराशा ओशाळल्या. "इतला वरीस नुसता पुढला रस्ता देखा. बाजूले इतली हिरवी केळ शे, हाई माले म्हाईतच नव्हतं."

"मग बघा," मी म्हणाले. "पण जे दिसतं ते सांगत राहा."

मी गाडी सुरू केली. अक्का सांगू लागल्या. पाटात म्हशी बसल्यात. एका बाईनं झाडाला झोळी बांधलीय, पोरगं झोपलंय. घड कापायला माणसं आलीत, एक म्हातारा नुसताच उभा आहे, कामाचा नाही. सातपुडा आज निळा दिसतोय. मी समोर बघून गाडी चालवत होते, आणि बाजूचं सगळं मला त्यांच्या तोंडून दिसत होतं.