पायाळूची कंबर

धानाच्या रोवणीच्या दिवसांत माझ्या कमरेत उसण भरली. गोळी, मलम, शेक सगळं करून झालं, तेव्हा अड्याळच्या एका पायाळू बाईकडे गेले. पायाकडून जन्मलेल्या माणसाचा पाय लागला की उसण उतरते, असं इकडे मानतात.

ओसरीवर माझ्याआधी रोवणीवरून आलेल्या चार बाया होत्या. पायाळू बाई भिंतीला धरून उभी राहायची, पालथ्या बाईच्या पाठीवर टाच ठेवून हळूहळू भार द्यायची आणि विचारायची, "इथंच लागते का?" प्रत्येकीनंतर स्वतःची कंबर दाबत थांबायची.

माझी पाळी झाली, कळ थोडी उतरली. मी म्हटलं, "काकू, तुमचीच कंबर दुखते ना?"

"रोवणी मीबी करतो, बाई. पण माह्या पाठीवर पाय कोन ठेवीन? मायनं गावात मले एकलीलेच उलटी जन्माले घातलं."

"मी हातानं चोळून देऊ?"

"हातानं काय होते?" म्हणत ती पालथी झोपली.

मी चोळत राहिले. थोड्या वेळानं ती घोरू लागली. तेवढ्यात कंबर धरून आणखी दोघी दारात आल्या. मी त्यांना खुणेनंच बसवलं आणि चोळत राहिले.