राजीला सेलूपर्यंत सोडून आलो

इंग्लंडला शिकायला निघालेल्या नातीला सोडायला मी सेलूपर्यंतच गेलो. मुलगा बसवराज मुंबईला चला म्हणत होता, पण विमानतळाच्या धास्तीनं माझा धीर झाला नाही. सातवी शिकलेला माणूस मी, मोबाईलवर एकेक अक्षर दाबून लिहितोय. कुणी लेकराला सोडायला निघणार असेल तर कामी येईल.

मला एकच घोर होता. आम्हा लिंगायतांत लेकरू जन्मलं की गळ्यात इष्टलिंग बांधतात, ते मरेपर्यंत उतरत नाही. हरवलं तर सापडेपर्यंत अन्न वर्ज्य. राजीचं लिंग चांदीच्या डबीत. विमानतळावर यंत्र वाजलं, शिपायांनी डबी काढायला लावली, अन् त्या गर्दीत ती राहून गेली तर? महिनाभर मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी ठरलं, सेलूला आमच्या स्वामींकडून लिंग कपड्यात बांधून घ्यायचं, अन् दुपारच्या रेल्वेनं बापलेकीनं मुंबईला जायचं.

जानेवारीतली थंडी होती. जवळचा रस्ता खोदून ठेवलेला, म्हणून बोरीहून सकाळी साडेसातच्या एसटीनं जिंतूर, तिथून देवगाव फाटा, असा आम्हा तिघांना वळसा पडला. माझं तिकीट अर्धं; आधारकार्ड जवळ ठेवा, कंडक्टर मागतो. गाडीत गावातले महादप्पा भेटले.

"पोरगी काय शिकायला जायलीय?"

"मातीचा अभ्यास," मी म्हणालो.

"आपल्या मातीला काय रोग झालाय?"

"तेच बघायला जायलेय, काका," राजी म्हणाली. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

देवगाव फाट्यावर पाऊण तास थांबावं लागलं. भजी गरम मिळतात, पण बसायला जागा कमी. म्हाताऱ्यानं आधी टेकायची जागा धरावी, मग चहा सांगावा. मी राजीला पुन्हा बजावलं, अंघोळीलासुद्धा लिंग काढू नको.

"आप्पा, शंभरदा सांगितलं तुमी."

"अजून सांगीन."

"तुमचं लिंग रानात पडलं तवा तीन दिवस तुमी जेवला न्हाईत. मी लहान होते, पण ध्यानात हाय."

"मग तुला कळतंय."

"कळतंय," ती म्हणाली अन् रस्त्याकडं बघत बसली.

सेलूत कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला. स्वामींच्या घरी पोचायला उशीर झाला. स्वामींनी लिंग पांढऱ्या कपड्यात घालून गळ्यात बांधलं. रिकामी डबी राजीनं पिशवीत टाकली.

स्टेशनवर ती तोंड धुऊन येते म्हणून गेली. आली तेव्हा रुमालात घट्ट गाठ मारलेली डबी माझ्या हातात दिली. "आप्पा, घरी गेल्यावर देवापाशी ठेवा." पाया पडली. ती खिडकीत बसल्यावर मी गजातून तिचा हात धरला.

"आप्पा, हात सोडा, गाडी हलायलीय," बसवराज म्हणाला.

परतीची एसटी लगेच मिळाली. दिवस मावळता घरी आलो, पाय धुतले, देवापाशी बसून रुमालाची गाठ सोडली. डबी रिकामी नव्हती. आत लिंग होतं.

फोन लावला तर ती अजून रेल्वेतच होती.

"तिथं चौघींत एक खोली हाय, आप्पा. हॉटेलात भांडी घासायचं काम बघितलंय. कुठं हरवलं तर तुमी इकडं उपाशी राहताल. तुमच्यापाशी राहू द्या."

"अन् तू?"

"मी जेवीन, आप्पा. कपडा गळ्यातच हाय, रिकामा."

तिला परत बोलवावं असं तोंडाशी आलं होतं. पण डबी मिटून देवापाशी ठेवली.

आता महिना झाला. स्वामींना सांगितलेलं नाही, सुनेलाही नाही. दुसऱ्याचं लिंग तळहातावर घेऊन पुजायचं नसतं, म्हणून नुसती डबी उघडतो, भस्म लावतो, मिटतो. लेकरू दूर पाठवणाऱ्यानं रस्त्याची, तिकिटाची काळजी करू नये, ते सगळं होतं. माझी काळजी भलत्याच ठिकाणी होती. यंत्र वाजलंच नाही म्हणे.

सून सकाळी ताट वाढते, मी भूक नाही म्हणतो. तिकडं सकाळ होते तेव्हा इथं दुपार झालेली असते. राजीचा "जेवले" म्हणून निरोप आला की मग ताटावर बसतो. हे तिला माहीत नाही.