भिंतीला पाठ लावून

छायाचित्रकार म्हणून अमरावतीत माझं जे काही नाव झालं, ते एका उसवलेल्या पोलक्यामुळे झालं.

आमचे हे शाळेत ड्रॉइंग मास्तर. त्यांनी वर्षभर खपून चित्रं काढली आणि हिवाळ्यात शाळेच्या अंगणात, उन्हं येणाऱ्या लांब भिंतीवर टांगून प्रदर्शन भरवलं. अकोल्याच्या एका रसिक वकीलसाहेबांनी कळवलं होतं, "चित्रांचे फोटो दाखवा. पसंत पडले तर अकोल्यात मोठं प्रदर्शन भरवू." पण लग्नसराईमुळे स्टुडिओवाला मिळेना. त्याचा डबा कॅमेरा तेवढा मिळाला. तो ह्यांनी माझ्या हातात दिला.

"पोटाशी धरायचा, वरून काचेत पाहायचं अन् खटका दाबायचा. यात चुकण्यासारखं काई नाई," हे म्हणाले. (माझ्या स्वयंपाकाबद्दलही लग्नात त्यांचा हाच समज होता.)

मी नवी नायलॉनची साडी नेसले. आत पोलकं मात्र लग्नातलं. लग्नानंतर मी वाढले, ते वाढलं नाही. लोक यायला लागले, मी बाक सरकवायला वाकले आणि पाठीमागे टर्र आवाज झाला. पदर ओढून घेतला. पण नायलॉन ते, त्यानं काय झाकणार? मी सरळ भिंतीला पाठ लावली.

"तिथं काहून उभी? इकडून चित्राचा फोटो घे," हे लांबून म्हणाले.

"इथून चांगला येते," मी म्हणाले.

चित्रं माझ्या डोक्यावर आणि लोक माझ्यासमोर. मी काचेत मान घालून खटके दाबत राहिले. एका चित्राखालून दुसऱ्या चित्राखाली जायचं तर भिंत न सोडता, आडवी सरकत. तेवढ्यात अकोल्याच्या जुन्या शहरातून माझ्या सासूबाई आपल्या मैत्रिणी घेऊन आल्या आणि थेट ह्यांच्या लाडक्या बैलाच्या चित्रापुढे थांबल्या.

"याचे दोनी डोये एकाच बाजूनं कावून?"

"आई, ही नवी पद्धत हाय."

"बाजारात असा बैल कोनी फुकट तरी नेईन का रे?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी खटका दाबला. एक पहिलवान येऊन तोंड उघडं टाकून उभा राहिला. दाबला. कापसाचे एक दलाल चष्मा कपाळावर चढवून पाहत राहिले. त्यांचाही घेतला.

फोटो धुऊन आले त्या दिवशी वकीलसाहेब स्वतः आमच्या बैठकीत चहा पीत बसले होते. ह्यांनी पाकीट उघडलं आणि ह्यांचा चेहरा उतरला.

"अवो, चित्रं कुठं हायेत यात?"

"माझ्या मागं होते," मी म्हणाले. पोलक्याचं वकिलांसमोर कसं सांगणार?

वकीलसाहेबांनी पाकीट ओढून घेतलं. एकेक फोटो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "मास्तर, चित्रं सारेच टांगतात. चित्र पाहणारा माणूस कोनी टांगला का आजवर? तुमचे चित्रं अन् वहिनींचे फोटो, दोनी अकोल्यात लावू."

आणि लावले. अर्धं जुनं शहर लोटलं, फोटोत आलेले अमरावतीकरही गाडी पकडून आले. त्यांतला जो तो आधी आपलं तोंड शोधायचा, मग आपण काय पाहत होतो म्हणून शेजारचं चित्र पाहायचा. पहिलवान सगळ्या तालमीला घेऊन आला. त्या बैलापुढे तर रांग लागली आणि आमचे हे प्रत्येकाला नवी पद्धत समजावून देता देता घसा बसवून मोकळे झाले. त्यांना इतकं खुश मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

समारोपाला वकीलसाहेब भाषणाला उभे राहिले. "या चेहऱ्यांवरचं नवल पाहा. कलेसमोर माणूस देहभान कसं विसरतो, हे या माउलीनं टिपलं."

टाळ्या पडल्या. माझी मान ताठ झाली. शेजारी बसलेल्या सासूबाई माझ्या कानाला लागल्या.

"कलेचं नवल कायचं व? ते सारे तुले पाहून राहिले होते. भिताडाले पालीवानी चिपकून तू सरकत होती ना. मी बी तेच पाहत होती."

तेवढ्यात सत्कारासाठी माझं नाव पुकारलं. पाल तर पाल, हार घ्यायला मी उठले.